अण्णांचं नाक

सुगंधी तेलांचा तो कारखाना दोन भावांचा होता. वडिलांनी सुरू केला, थोरल्याने नावारूपाला आणला आणि धाकट्याने सांभाळला, असं गिऱ्हाइकं म्हणायची. थोरले म्हणजे अण्णा. साबणवाले, मेणबत्तीवाले आणि दोन-चार मोठी हॉटेलं त्यांच्याकडून सुगंध बनवून घेत. कागदाची पट्टी तेलात बुडवून अण्णांच्या नाकाशी धरली की ते डोळे मिटायचे आणि सांगायचे, यातला गुलाब शिळा आहे, किंवा ही बाटली कुणीतरी उन्हात ठेवली होती. एकदा एका दलालाने भेसळीचं चंदनतेल आणलं, तर अण्णांनी त्याला बूच उघडायच्या आतच चहा पाजून वाटेला लावलं. त्यांच्या नाकावर माशी बसायची बिशाद नव्हती, असं कामगार हसत म्हणत.

मिश्रणाची खोली त्यांची एकट्याची. धाकटा भाऊसुद्धा दार वाजवून आत जायचा. या धाकट्याला सगळा कारखाना काका म्हणायचा, कारण अण्णांची मुलगी त्याला काका म्हणायची. मालाची ने-आण, कामगारांच्या रजा, यंत्रांची दुरुस्ती, सरकारी कचेऱ्यांचे खेटे, सगळं काकांच्या गळ्यात होतं आणि ते कधी कुरकुरले नाहीत. त्यांना सिगरेटचं व्यसन होतं. तंबाखूचा वास पट्ट्यांना लागतो म्हणून अण्णांनी कारखान्यात सिगरेट ओढायला सक्त मनाई केली होती. त्यामुळे ऊन असो की पाऊस, काका रस्त्याच्या कोपऱ्यावर जाऊन ओढायचे आणि तोंड धुऊन परत यायचे.

अण्णांच्या मुलीला घरात नकटी म्हणत. तिचं नाक चांगलं सरळ होतं, पण लहानपणी दिसेल त्या वस्तूला ते लावायची सवय होती, म्हणून अण्णांनी चिडवायला ठेवलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. आई ती लहान असतानाच गेली. तिला काकूंनी वाढवलं, सायकल काकांनी शिकवली आणि सुगंध अण्णांनी. मोठी झाल्यावर ती त्याच खोलीत अण्णांच्या हाताखाली काम करू लागली.

अण्णा गेले ते एका साध्या दुपारी. रोज चारच्या सुमाराला ते फ्लास्कमधली कोरी कॉफी प्यायचे, बिनसाखरेची, कडूजहर. नकटी गोदामातून परत आली तेव्हा ते टेबलावर डोकं ठेवून बसलेले दिसले. झोप लागली असेल असं तिला वाटलं. मग तिला वास आला. कडू बदामाच्या कच्च्या तेलाचा गोडसर, जड वास. ते तेल शुद्ध होईपर्यंत जालीम विष असतं आणि विषाच्या कपाटात कुलूपबंद असतं. आता ती बाटली टेबलावर उघडी होती आणि कपाला तोच वास होता. तिने अण्णांच्या खांद्याला हात लावला आणि तिला कळून चुकलं.

पोलीस आले. तपास एका फौजदार बाईंकडे होता. जाड चष्मा, मंद चाल, आणि प्रत्येक प्रश्नाआधी थोडं थांबायची सवय. त्यांच्याच हवालदाराने नकटीला हळूच सांगितलं, की ठाण्यात यांना सावकाश बाई म्हणतात. त्यांनी खोली पाहिली, कपाट पाहिलं. त्याच्या किल्ल्या तिघांकडे होत्या : अण्णा, काका आणि नकटी. मग ऑफिसात बसून त्यांनी जबाब घेतले. नकटी तिथेच बसली होती. काका रडले, सावरले आणि बोलू लागले.

हिवाळ्यात मोठा ताप येऊन गेल्यापासून अण्णा उदास असायचे, हे त्यांनी सांगितलं. ते खरंच होतं. त्या दुपारीही आपण मालाचं विचारायला खोलीत गेलो होतो, असं ते म्हणाले. "नुकतीच सिगरेट ओढून आलो होतो. मी उंबऱ्यात असतानाच अण्णाने नाक मुरडलं. म्हणाला, तंबाखूचा भपका येतोय, आधी तोंड धुऊन ये. नेहमीसारखाच. त्याच्या मनात असं काही असेल असं वाटलंसुद्धा नाही."

हवालदाराने मान डोलावली. एवढा तिखट नाकाचा माणूस असली कॉफी चुकून पिणं शक्यच नव्हतं. म्हणजे जाणूनबुजून प्यायला. सगळ्यांचं तेच मत पडलं.

पण काका खोटं बोलले, हे नकटीला त्याच क्षणी कळलं होतं. कारण अण्णांना कसलाच वास येत नव्हता.

ती गोष्ट तिच्या आणि अण्णांच्या मधली होती. ताप उतरला पण अण्णांचं नाक परत आलं नाही. जळलेल्या मोगऱ्याच्या तेलाला त्यांनी "छान जमलंय" म्हटलं, तेव्हा नकटी चमकली. त्यांनी दार लावून घेतलं आणि पोरीसमोर लहान मुलासारखे रडले. या घराची सगळी अब्रू या नाकावर आहे, कुणाला बोलू नकोस, अगदी घरातसुद्धा, असं तिच्याकडून कबूल करून घेतलं. तेव्हापासून पट्टी अण्णांच्या हातात असायची आणि वास नकटी घ्यायची. गिऱ्हाईक समोर असलं की ती शेजारी उभी राहून कानाशी कुजबुजायची, आणि अण्णा तेच भारदस्त आवाजात सांगायचे. या नाटकाचं त्या दोघांना कधीकधी हसूही यायचं.

काका का खोटं बोलले, याचं उत्तर तिने स्वतःच स्वतःला दिलं. आपला भाऊ शेवटपर्यंत तसाच तिखट नाकाचा होता, असं लोकांनी म्हणावं म्हणून सहज जोडलं असेल. दुःखात माणूस काहीही बोलतो. पण अण्णांनी जीव दिला, हे तिच्या गळी उतरेना. आदल्याच संध्याकाळी ते खुशीत होते. पुढच्या महिन्यात मोठ्या गिऱ्हाइकांना बोलावून सगळं सांगून टाकतो आणि खोली तुझ्या ताब्यात देतो, असं ते म्हणाले होते. लपवाछपवी संपणार म्हणून ते हलके झाले होते. असा माणूस दुसऱ्या दिवशी विष पिईल कसा? वास न येणाऱ्याला कुणीतरी कॉफीत काहीतरी घालून देणं मात्र सहज शक्य होतं.

अंत्यसंस्कार झाल्यावर दुसऱ्या सकाळी ती पोलीस ठाण्यात गेली. वडिलांना दिलेला शब्द मोडायचा म्हणून पाय उचलत नव्हते. फौजदार बाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि मध्ये एकदाही न तोडता सगळं ऐकून घेतलं.

"कपाटाची किल्ली तुमच्याकडे होती," त्या सावकाश म्हणाल्या. "त्यांना वास येत नाही हे फक्त तुम्हाला माहीत होतं. आणि खोली तुम्हालाच मिळणार होती. तुम्ही मला काय सांगितलंत, हे लक्षात आलंय ना?"

"आलंय," नकटी म्हणाली. "म्हणूनच रात्रभर झोप नाही लागली. पण अण्णांनी जीव दिला असं लोक आयुष्यभर म्हणतील, त्यापेक्षा तुम्ही माझ्यावर संशय घेतलेला परवडला."

बाईंनी चष्मा पुसला. मग काकांचा जबाब काढून सिगरेटचा भाग तिला वाचून दाखवला आणि यावर तुमचं काय म्हणणं, असं विचारलं. नकटीने आपलं उत्तर दिलं : काका भोळेपणाने बोलले असतील. बाईंनी मान हलवली. त्यांनी तिला एकेक पायरी उलगडून दाखवली. भावाचं नाक गेलंय हे काकांना माहीत नसतं, तर जे घडलं तेच त्यांनी सांगितलं असतं. सिगरेट ओढून गेलो, आणि गंमत म्हणजे अण्णा काहीच बोलला नाही, असं. न घडलेली बोलणी खाल्ल्याचं सांगायची गरज कुणाला पडते? भावाचं नाक शाबूत होतं असं पोलिसांना वाटायला हवं असतं, त्याला.

काकांच्या बाजूने काहीतरी बोलावं म्हणून नकटी आठवू लागली, आणि आठवलं ते भलतंच. गेले काही महिने खोलीबाहेरच्या बोळात तिला तंबाखूचा वास येत होता. खिडकीच्या कट्ट्यावर राखही दिसायची. नवा ड्रायव्हर असेल म्हणून तिने त्याला दोनदा समजही दिली होती. तो बिचारा शपथा घेत होता, की मी आयुष्यात सिगरेटला हात लावलेला नाही. आता तिला त्या सिगरेटचा वास नीट ओळखू आला. लवंगेची छटा असलेला तो एकच ब्रँड काका ओढायचे. नाकाने कधीच सांगितलं होतं, तिने ऐकून घेतलं नव्हतं.

तिने बाईंना हेही सांगितलं.

दुपारी बाई कारखान्यात आल्या. हवालदाराला दाराशी उभं करून त्या मिश्रणाच्या खोलीत अण्णांच्या खुर्चीसमोर बसल्या आणि काकांना बोलावणं पाठवलं. नकटी खिडकीपाशी उभी होती. काका दार न वाजवता आत आले. बाईंनी आधी यंत्रांची चौकशी केली, ड्रायव्हर किती दिवसांपासून आहे ते विचारलं, कोपऱ्यावरच्या टपरीत चहा बरा मिळतो का तेही विचारलं. काका सगळ्याची उत्तरं देत होते.

"तुमच्या भावाचं नाक गेलं होतं," बाई त्याच सुरात म्हणाल्या. "तुम्हाला कधी कळलं?"

काका म्हणाले की हे शक्यच नाही, कुणीतरी तुमच्या मनात काहीतरी भरवलंय. मग त्यांची नजर नकटीकडे गेली. ती रडत नव्हती, नुसती त्यांच्याकडे पाहत होती. बाईंनी बोळातल्या राखेचा विषय काढला. इतकी वर्षं ऊन-पावसात कोपऱ्यापर्यंत जाणारा माणूस एकाएकी भावाच्या खिडकीखाली ओढायला लागतो, तो कशाच्या भरवशावर, एवढंच विचारून त्या गप्प राहिल्या. सावकाश बाईंचं ते गप्प राहणं भल्याभल्यांना जड जायचं. काकांनाही गेलं. त्यांनी अण्णांची खुर्ची ओढली आणि तिच्यात बसले.

"ताप उतरल्यावर एकदा मी चुकून पेटती सिगरेट घेऊनच आत आलो," ते म्हणाले. "अण्णा पाठमोरा बसला होता. आता ओरडेल म्हणून मी थांबलो. ओरडला नाही. मग मी त्याच्या मागे उभा राहून अख्खी सिगरेट ओढली. तो वळलाच नाही."

काकांनी टेबलावरची एक कोरी पट्टी उचलून बोटांत फिरवली.

"मला वाटलं, आता तरी हाक मारेल. नाक माझंही होतं. वडील म्हणायचे, धाकट्याचं जास्त चांगलं आहे. पण खोली थोरल्याला मिळाली आणि मी ट्रक मोजत राहिलो. कधी बोललो नाही. म्हटलं, अडचणीत येईल तेव्हा भावालाच विचारेल. महिनोन् महिने वाट पाहिली. खिडकीखाली सिगरेटी ओढल्या, म्हटलं पोरगी तरी ओळखेल आणि विषय निघेल. आणि त्या दिवशी सकाळी तो मला सांगतो, खोली पोरीला देतोय. नाक गेल्याचं तेव्हासुद्धा नाही सांगितलं. वय झालं म्हणाला." ते नकटीकडे वळले. "तुझ्यावर राग नव्हता गं. एक शब्द त्याने मला सांगितला असता, तर मी तुला हाताला धरून या खुर्चीत बसवलं असतं."

कॉफीत तेल त्यांनीच घातलं होतं. नाक शाबूत असलेल्या माणसाने आपणहून घेतलं, असं जग म्हणेल, हा त्यांचा हिशेब होता. अण्णांचं गुपित फुटणार नाही, याची त्यांना खात्री होती, कारण फोडलं तर पोरगीच अडकणार होती. हे मात्र त्यांनी बोलून दाखवलं नाही. बाईंनी ते नंतर नकटीला सांगितलं, आणि त्या रागाने ती पहिल्यांदा घळाघळा रडली.

काकांनी कसलाही त्रागा केला नाही. उठले, हवालदाराबरोबर अंगणातून चालत गेले. कामगार काम सोडून बाहेर आले होते. सवयीने एकाने रजेचा अर्ज पुढे केला, आणि काकांनीही सवयीने तो हातात घेतला. मग हवालदाराने तो परत दिला.

पुढच्या महिन्यात नकटीने गिऱ्हाइकांना बोलावलं आणि अण्णांनी जे सांगायचं ठरवलं होतं, ते स्वतः सांगितलं. मंडळी थोडा वेळ चुळबुळत राहिली. मग एक म्हातारा साबणवाला म्हणाला, की हिवाळ्यापासून माल आधीपेक्षा बरा का येतोय, याचं कोडं आम्हाला पडलंच होतं. सगळे हसले, नकटीही. दोघे जण व्यवहार तोडून गेले, बाकीचे राहिले.

काकू वरच्या मजल्यावर राहायच्या. काकांना नेलं त्या दिवसापासून खाली उतरल्या नव्हत्या. एका सकाळी नकटी वर गेली, तर त्यांनी पेटी भरून ठेवलेली. माहेरी भाऊ आहे, तिकडे जाते म्हणाल्या. तुला रोज माझं तोंड कशाला दिसायला हवं. नकटीने पेटीतून साड्या काढून पुन्हा कपाटात लावल्या. शेवटी काकूंनी खाली मान घालून विचारलं, तुरुंगात त्यांना स्वेटर द्यायला गेले तर चालेल का तुला.

"मी सोडते तुम्हाला," नकटी म्हणाली. "आत नाही येणार."

ती फाटकाबाहेरच्या बाकावर बसून राहिली. आजूबाजूला आणखी काही बायका पिशव्या घेऊन बसल्या होत्या. काकू बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे सुजले होते. काका काय म्हणाले, हे नकटीने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. दोघी बसथांब्याकडे चालू लागल्या. रस्ता ओलांडताना नकटीने काकूंच्या हातातली रिकामी पिशवी स्वतःकडे घेतली आणि त्यांचा हात धरला.