वर्लाचं सॉरी

वर्ला हॉगस्टॅडला सॉरी म्हणायची खोड होती. तशी ती इकडे अमेरिकेत, आमच्या डुलुथ गावात थोडीफार सगळ्यांनाच आहे, पण वर्लाने हद्द केली होती. टेबलाला धडकली तर टेबलाला सॉरी. शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं तिने पोरांना वाढलं. ताट पोराच्या हातून पडायचं आणि सॉरी ही म्हणायची.

मागच्या मार्चमध्ये ही खोड तिच्या चांगलीच अंगाशी आली. एका दुकानासमोर बेकरीची व्हॅन न बघता मागे आली आणि वर्लाला तिने आडवं केलं. गुडघ्याचा पार चुरा झाला. बर्फात पडल्या पडल्या ही बया ड्रायव्हरलाच म्हणाली, "सॉरी हं!" बेकरीवाल्यांनी तेवढंच धरून ठेवलं. बाईंनी चूक कबूल केली, मग आम्ही भरपाई का द्यायची? आणि भरपाईशिवाय गुडघ्याचं दुसरं ऑपरेशन होणार नव्हतं, ऑपरेशनशिवाय तासन्‌तास उभं राहून पोरांना वाढता येणार नव्हतं. दुसरं काही करायचं वर्लाच्या मनातही येत नव्हतं.

उद्या खटल्याआधी, दोन्ही बाजूंच्या वकिलांसमोर तिची शपथेवर जबानी होती. तिची वकील टेस नोवाक लहानपणी हिच्याच हातचं खाऊन मोठी झालेली. दुपारपासून ती तयारी करून घेत होती.

"विचारलं तेवढंच सांगायचं. नुसती मान हलवायची नाही, तोंडाने बोलायचं. तिथे शब्दन् शब्द टाइप होतो."

"बरं. सॉरी."

"वर्ला!"

"अगं पोरी, आपोआप निघतं. सॉरी."

टेसने कपाळाला हात लावला. "उद्या एकदा जरी निघालं ना, तरी त्यांचा वकील त्याचं भांडवल करेल."

"मग ओठ शिवून बसते," वर्ला म्हणाली, आणि तिने ते मनावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी बेकरीचे वकील प्रुइट समोर बसले. इस्त्री केलेला माणूस, कॉफीचा कपसुद्धा सरळ रेषेत ठेवलेला. तासभर त्यांनी प्रश्न विचारले. वर्लाने मोजकी उत्तरं दिली. एकदाही सॉरी नाही. टेसला वाटलं, जमलं बुवा!

"चूक नव्हती, तर सॉरी का म्हणालात?" प्रुइटनी विचारलं.

"सवय आहे."

"सवय!" प्रुइट हसले. "तासभर बसलोय आपण. मला तर एकदाही ऐकू आलं नाही."

 टेसने इतक्या मेहनतीने शिकवलेलं नेमकं उलटलं होतं. वर्लाला तर रडूच फुटायचं बाकी होतं.

प्रुइट विजयी चेहऱ्याने पुढचा कागद घ्यायला वळले. त्यांचं कोपर कपाला लागलं आणि सगळी कॉफी वर्लाच्या मांडीवर सांडली.

"अगंबाई, सॉरी! सॉरी हं!" वर्ला उठायला धडपडली आणि स्वतःचा स्कर्ट सोडून रुमालाने त्यांचे कागद टिपू लागली.

कोपऱ्यात जबानी टाइप करणाऱ्या बाईंची टकटक चालूच होती.

"दोन्ही सॉरी लिहून घेतलीत ना?" टेसने त्यांना विचारलं.

"घेतली," बाई मान खाली घालून म्हणाल्या. त्यांचे खांदे हलत होते.

"आणि कॉफी कुणी सांडली, तेही येऊ द्या. सांगता ना, मिस्टर प्रुइट?"

प्रुइटनी ओले कागद गोळा केले. "मी सांडली," ते म्हणाले. "जरा थांबू या. मला बेकरीवाल्यांशी भरपाईचं बोलायला हवं."

निघताना त्यांची बॅग खुर्चीला टेकवलेल्या वर्लाच्या काठीला लागली. काठी खाली पडली. सगळ्यांनी वर्लाकडे पाहिलं. तिने ओठ गच्च मिटले.

प्रुइट वाकले, काठी उचलून त्यांनी तिच्या हातात दिली. "सॉरी, मिसेस हॉगस्टॅड," ते हळूच म्हणाले.

मागच्या मार्चपासून हा शब्द तिला कुणीच म्हणालं नव्हतं. वर्लाचे डोळे भरून आले.

"असू दे," ती म्हणाली.