सैतानाचा रंग

सायलीने शेवटच्या चित्राला टाचणी लावली आणि मोजलं. एकवीस चित्रं. शिंगं एकोणीस सैतानांना, शेपूट चौदांना, काळा रंग विसांना. एकाला रंगच नव्हता. ते चित्र तेजलचं होतं.

"रंग का नाही गं दिलास?"

"काळा खडू संपला होता, टीचर."

पेटीत काळे खडू दोन होते. सायलीने पेटी मिटली.

अरण्यात सैतान येशूला मोहात पाडू पाहतो, हे नाटक संडे स्कूलमध्ये दरवर्षी होई, आणि तीन वर्षं सैतान तेजलच होत होती. शेवटी येशूची सेवा करायला देवदूत येत, पांढऱ्या झग्यांत. गेल्या वर्षी पडद्यामागे कुणीतरी म्हणालं होतं, "हिला रंगवायचा तरी खर्च नाही." सगळे हसले होते. तेजलही हसली होती. यंदा मात्र ती सायलीच्या कानाशी लागली होती.

"टीचर, एकदा मला देवदूत करा ना. न बोलणारा चालेल."

नाटक मंगलाबाई बसवत. सायली त्यांच्यासमोर बसली तेव्हा तिच्या बायबलात जागोजागी कागदाच्या खुणा होत्या.

"मावशी, मी सगळीकडे शोधलं. साप आहे, गर्जणारा सिंह आहे, लबाडीचा बाप आहे, भावांवर दोष ठेवणारा आहे. शिंगं अजगराला आहेत, दहा. पण तो लाल. काळा कुठेच नाही."

"तुम्हा सायन्सवाल्यांना काय काय सुचतं!" मंगलाबाई चष्मा पुसत म्हणाल्या. "मग आहे तरी कसा?"

सायलीने करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राचं पान उघडलं. "पौल म्हणतो, तो तेजस्वी देवदूताचं सोंग घेतो."

मंगलाबाईंनी ओळीखाली बोट धरून दोनदा वाचलं. त्यांचा चेहरा उजळला.

"खरंच की गं! इतकी वर्षं आपण चुकीचं दाखवत आलो. यंदा सैतान पांढऱ्या झग्यात. लोक बघतच राहतील."

"आणि तेजल?"

"तीच की. संवाद पाठ आहेत तिला. शिवाय देवदूत कोण आणि हा कोण, हे लोकांना कळायला नको? पांढऱ्यावर तिचा चेहरा बरोबर उठून दिसेल." त्यांनी दाराकडे तोंड करून हाक मारली. "तेजल! ये बाळा. तुला यंदा पांढरा झगा शिवायचाय. सायलीटीचरनीच सुचवलंय."

तेजल धावत आली. देवदूतांच्या झग्यांसाठी बाजारातून आणलेलं पांढरं कापड टेबलावर होतं. त्याला हात लावण्याआधी तिने तळवे फ्रॉकला पुसले.

"पंखपण, टीचर?"

सायली गुडघ्यांवर बसली. टेपची गुंडाळी सोडवायला तिला वेळ लागला.

"सरळ उभी राहा."

खांद्यापासून घोट्यापर्यंत त्रेचाळीस इंच.