फ्यूजच्या डबीतला कागद

"सूनबाई, आधी चालवणाऱ्याला विचारा, मग वायरीला," असं वायरमनतात्या मला म्हणाले होते आणि मी ते हसण्यावारी नेलं होतं. मी पदार्थविज्ञान घेऊन पदवी मिळवलेली. दिवा का लागत नाही हे वायरीलाच विचारायचं असतं, माणसाला काय विचारायचं? शिवाय तात्या म्हणजे गावातले पंप-पंखे दुरुस्त करता करता घरोघरची उणीदुणी गोळा करणारे. त्यांचं निम्मं बोलणं सोडून द्यायचं, अशी आमच्या घरी रीतच होती.

आमचा ट्रॅक्टर बागेत चालणारा, छोटा, माझ्या लग्नाच्याही आधीचा. लिंबाच्या दोन ओळींमधून फांदीला न लागता जाईल एवढाच. मागे हातगाडीहून जरा मोठी ट्रॉली. मामंजी त्याला धुतात, पुसतात, पाऊस आला की पळत जाऊन गोणपाट पांघरतात. सासूबाई म्हणतात, "माझ्या अंगावर कधी शाल टाकली नाही या माणसानं!"

दुपारी माझ्या शिकवण्या असतात. म्हणून बालवाडी सुटली की आमची साडेचार वर्षांची भिंगरी ट्रॉलीत बसून आजोबांबरोबर बागेत जाते आणि दिवस कलला की परत येते. येताना अर्धा किलोमीटर मोठा रस्ता लागतो. त्यावरून खडीचे ट्रक धावतात. त्या अर्ध्या किलोमीटरनं माझ्या जिवाला घोर लावला होता.

एक दिवस जेवताना मामंजी म्हणाले, "ट्रॅक्टरचे दिवे गेले. आता उन्हं असतानाच परतावं लागेल."

"मग या की लवकर," सासूबाई म्हणाल्या. "बाग काय पळून जातेय?"

पण कधी उशीर झालाच तर? अंधारात बिनदिव्याचा ट्रॅक्टर, मागे माझं लेकरू, आणि त्याच्याही मागे खडीचा ट्रक. शनिवारी शिकवण्या नव्हत्या. मी पदर खोचला आणि पान्ह्यांची पेटी घेऊन अंगणात बसले.

तात्या वाटेनं चालले होते. तमाशा बघायला बादली पालथी घालून तेही बसले.

पुढचे दोन्ही बल्ब काढून थेट बॅटरीला लावले. लख्ख लागले. म्हणजे बल्ब शाबूत, बॅटरीही शाबूत. मग अर्थिंग. या ट्रॅक्टरला बॅटरीकडून दिव्याकडे जाणारी वायर एकच. परतीची वाट म्हणजे त्याचं लोखंडी अंग. तिथल्या बोल्टवर गंज चढला की दिवे रुसतात. मी बोल्ट सोडवून काचकागदानं घासून चकचकीत केला. तरी अंधारच.

"नापास होताय वाटतं, मास्तरीणबाई," तात्या म्हणाले.

"थांबा हो."

सीटखालच्या डबीचं झाकण स्क्रू काढून उघडलं. आत काचेचा फ्यूज. उजेडाकडे धरून पाहिला, तार अखंड. दोन्ही टोकं पदराला पुसली, परत बसवला, बटण दाबलं, आणि दिवे लागले!

"फ्यूजवर कचरा होता," मी ऐटीत सांगितलं.

"इतकी वर्षं नव्हता तो? आणि बंद डबीत आला कुठून?" तात्यांनी डोकं खाजवलं आणि तेव्हाच ते चालवणाऱ्याला विचारायचं बोलले.

दिवे बघून मामंजींना आनंद व्हायला हवा होता. ते म्हणाले, "लागले होय? बरं." पाहुण्यांनी मुक्काम वाढवला की माणूस म्हणतो ना, तसं.

पाचव्या दिवशी दिवे पुन्हा गेले. मी थेट फ्यूजपाशी. काढला, फिरवून बसवला, लागले. पकडणारी पट्टी सैल झाली असेल म्हणून ती पकडीनं दाबून घट्ट केली. आठवडा झाला नाही तोच पुन्हा काळोख.

आता माझंही डोकं फिरलं. एका बल्बाला दोन वायरी जोडून तपासायचा दिवा केला. एक वायर ट्रॅक्टरच्या अंगाला, दुसरी फ्यूजच्या अलीकडे टेकवली: बल्ब लागला. पलीकडे टेकवली: गुल! वीज फ्यूजपर्यंत येत होती आणि तिथेच अडत होती. मी श्वास रोखून फ्यूज सावकाश बाहेर काढला. त्याच्या टोकाला काहीतरी चिकटून आलं. नखाएवढा पारदर्शक कागद. खाऊच्या गोळीच्या वेष्टणाचा, कात्रीनं नेमका कापलेला.

गोळ्या आमच्या घरात एकच व्यक्ती खाते.

"भिंगरे, इथे कागद कोणी घातला?"

"मी नाही," ती म्हणाली. "मला स्क्रू कुठे उघडता येतो?"

मला ते पटायला हवं होतं. पण चोर सापडल्याच्या भरात मी तिलाच दोन शब्द सुनावले, नवा फ्यूज घातला आणि डबीला चारी बाजूंनी चिकटपट्टी गुंडाळली. वर मामंजींना म्हणाले, "आता दिव्यांची काळजी सोडा. आज सगळ्या झाडांना पाणी देऊनच या, सावकाश."

"फ्यूजचा काही नेम नसतो गं," ते पुटपुटले.

"मी आहे ना! आता बंद पडले तर नाव बदलीन."

त्यांनी मान हलवली आणि भिंगरीला ट्रॉलीत बसवून निघून गेले.

सूर्य मावळला. मी फाटकाशी उभी. रस्त्याच्या टोकाला दोन दिवे दिसले आणि मला स्वतःचाच अभिमान वाटला. मग लक्षात आलं की ते दिवे रस्त्याच्या मधोमध आहेत. डावीकडे सरकले, पुन्हा मधे आले. समोरून ट्रकचा झोत पडला. आमचे दिवे जागच्या जागी थबकले. ट्रकनं भोंग्यावर हात ठेवला तो उचललाच नाही, आणि खडी सांडत तो कडेच्या मातीतून निघून गेला. मी फाटक सताड उघडलं.

ट्रॅक्टर अंगणात आला. ट्रॉली रिकामी होती. भिंगरी मामंजींच्या मांडीवर, दोन्ही हात पुढे रोखून बसलेली.

"आई, आज मी डोळे होते!" तिनं उडी मारली. "ट्रकचा उजेड आला की आजोबांना सगळं पांढरं पांढरं दिसतं. मग मी सांगायचं, आजोबा डावीकडे, आजोबा थांबा. एक म्हैस पण मीच सांगितली. आजोबांना ती झुडूप वाटली."

"गप गं," मामंजी म्हणाले.

मी तिला कडेवर घेतलं. किती घट्ट ते मला कळलं नाही. ती "लागतंय" म्हणाली तेव्हा कळलं.

मामंजी खाली उतरले नाहीत. स्टिअरिंगवर हात ठेवून तसेच बसले. "दिवे नसले की उजेडी घरी यायला कारण मिळतं," ते म्हणाले. "कोणी विचारत नाही."

"कागद तुम्ही घातलात?"

"तीनदा. तू तीनदा काढलास." मग जरा हसले. "हुशार आहेस. पण फारच हुशार आहेस."

"मला सांगितलं असतं तर?"

"सांगितलं असतं तर चावी गेली असती. मग मी दिवसभर करू काय? तुझ्या सासूबाईंचे पापड मोजू?"

"मी कधी पापड केलेत?" सासूबाई दारातून कडाडल्या. "आणि माझ्याकडून रोज सुईत दोरा ओवून घेता तो दिसत नाही म्हणून होय? शर्टाची बटणं शिवायला म्हणे! मी समजले, म्हातारपणी संसाराला हातभार लावताय!"

मामंजी हसले, मग सासूबाई हसल्या, मग दोघांनाही हसू आवरेना. माझ्या डोळ्यांतून मात्र पाणी येत होतं. चिडायचं कोणावर? ज्या माणसानं माझ्या लेकराला उजेडी घरी आणायला एवढी युक्ती केली, त्याला अंधारात मीच ढकललं होतं, तेही चिकटपट्टी गुंडाळून.

चावी मी घेतलीच. त्या बदल्यात त्यांची एक अट मान्य केली: ट्रॅक्टर विकायचा नाही आणि दुसऱ्या कोणाला चालवायला द्यायचा नाही. म्हणून मीच शिकले. आता शिकवण्या आटोपत्या घेऊन उन्हं असतानाच त्यांना आणायला जाते. मामंजी आणि भिंगरी ट्रॉलीत बसतात आणि दोघं मिळून माझ्या गिअर टाकण्याला नावं ठेवतात. मामंजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला निघाला. उजव्याचं ऑपरेशन झालं, डाव्याचं पुढल्या महिन्यात आहे. पट्टी सुटल्यावर त्यांनी सासूबाईंकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "अगं, तुझे केस कधी पिकले?" त्यावर दोन दिवस अबोला होता.

तुमच्याकडेही कोणी असेल, ज्याच्या गाडीचे दिवे हल्ली सारखे बिघडतात, किंवा ज्याला अचानक संध्याकाळचं बाहेर पडणं नकोसं झालंय. नुसतं विचारलंत तर तो "काही नाही" म्हणेल. आमच्याकडे तेच झालं असतं. तेव्हा या आठवड्यात दिवेलागणीच्या आत एकदा त्याच्या शेजारी बसून फेरी मारून या. गप्पा मारू नका. तो ब्रेक कशाला लावतो आणि कशाला लावत नाही, तेवढं बघा.