मालनबाईंच्या नावापुढचा नंबर

मित्रांनो, खोपटच्या एस. टी. आगारामागे एक छोटा दवाखाना आहे. तिथल्या काउंटरच्या खालच्या खणात पडून असलेला जुना मोबाईल म्हणजे मी. माझी काच तडकली आहे आणि बॅटरी फुगली आहे. फुगलेली बॅटरी धोकादायक असते. तरीही मला कोणी टाकून दिलेले नाही, कारण टाकायचे कुठे हे कोणी ठरवलेले नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. त्याच दिवशी माझ्यासारखे हजारो तयार झाले. माझ्यात विशेष काही नव्हते. डॉ. अद्वय सबनीस यांनी मला दवाखान्यासाठी घेतले आणि काउंटर सांभाळणाऱ्या उत्तराच्या हवाली केले. पूर्वी ती रुग्णांना फोन करून तारखा सांगे आणि निम्मे लोक फोन उचलतच नसत. मी आल्यावर मेसेज जाऊ लागले. 'उद्या उपाशीपोटी यावे.' 'गोळ्या संपत आल्या असतील.' औषध मध्येच सोडणारे रुग्ण कमी झाले. हा माझा समज नव्हे; डॉक्टरांनी ते पडताळून पाहिले होते.

"हा मोबाईल माझ्यापेक्षा जास्त पेशंट बरे करतो," ते म्हणत.

"मग पाटीवर त्याचंच नाव लावू या, सर," उत्तरा म्हणे.

त्या कौतुकाच्या दिवसांतच मालनबाई आल्या. टेंभी नाक्याजवळच्या एका सोसायटीत त्या घरोघरी पोळ्या करीत. खोकला हटत नव्हता, म्हणून त्यांतल्याच एका घरच्या क्षिप्रामॅडमनी त्यांना आमच्याकडे धाडले होते.

"मावशी, मोबाईल नंबर?" उत्तराने विचारले.

"माझा फोन पोरीसोबत कॉलेजला जातो ओ. क्षिप्रामॅडमचा घ्या. त्याच मला सगळं वाचून दाखवतात. लाइट बिल पण."

"रिपोर्टचा मेसेज केला तर चालेल ना?"

"चालेल की. पाठवा."

मागे रांग होती. एवढ्यावरच ते आटोपले. उत्तराने विचारले होते, हे मान्य करायला हवे. परंतु मेसेजमध्ये आजाराचे नाव असेल, हे तिने सांगितले नाही. मालनबाईंच्या मते तेव्हा आजारच नव्हता. होता फक्त खोकला. ज्या गोष्टीची कल्पनाच नाही, तिला दिलेला होकार हा निव्वळ शिष्टाचार असतो.

थुंकीत क्षयाचे जंतू सापडले. उत्तराने मालनबाईंचे नाव, रिपोर्ट आणि 'क्षयाचे औषध सुरू करायचे आहे, लवकर यावे' एवढे लिहिले आणि मी ते पाठवले. लगेच दोन निळ्या खुणा उमटल्या. मेसेज वाचला गेला होता. रुग्णाने नव्हे.

क्षयाचा रुग्ण सापडल्यास सरकारी यंत्रणेला कळवणे कायद्याने बंधनकारक आहे आणि डॉक्टरांनी तसे कळवलेही होते. सोसायटीला कळवणे कोणत्याही कायद्यात नाही. क्षिप्रामॅडमनी ते कळवले. सोसायटीच्या गटावर मेसेज पुढे धाडून त्यांनी खाली लिहिले, 'घाबरायचं कारण नाही, फक्त काळजी घ्या. आपल्यातच राहू दे.' मालनबाई दुसऱ्या दिवशी पोळ्या करायला गेल्या, तेव्हा एकाही घराचे दार पूर्ण उघडले नाही. आपल्याला काय झाले आहे, हे त्यांना जिन्यात कळले.

मित्रांनो, क्षय हवेतून पसरतो, पोळीतून नव्हे. योग्य औषध नियमित घेतले, की बहुतेक रुग्णांकडून इतरांना होणारा धोका काही आठवड्यांत फार कमी होतो. मात्र औषध साधारणपणे सहा महिने घ्यावे लागते. ही माहिती त्या गटावर कोणी टाकली नाही. टाकली असती तरी दारे उघडली असती, असे मानायला मला आधार सापडत नाही.

मालनबाईंनी गोळ्या सोडल्या नाहीत. दोन महिन्यांनी थुंकी स्वच्छ आली. दरम्यान पाचपाखाडीत त्यांना दोन नवी घरे मिळाली होती. तिथे कोणाला काही ठाऊक नव्हते.

डॉक्टरांचा त्या सोसायटीवरचा राग मात्र गेला नव्हता; झाले ते त्यांना मालनबाईंकडून कळले होते. ते उत्तराला म्हणाले, "त्या मॅडमना लिही. मालनबाईंची थुंकी निगेटिव्ह आहे, औषधं चालू आहेत, त्यांच्यापासून आता धोका नाही."

"सर, मावशींना आधी विचारू का?"

"अगं, चांगली बातमी आहे. चांगल्या बातमीला काय विचारायचं?"

मी तो मेसेजही पाठवला. क्षिप्रामॅडमच्या मनाला बहुधा ते लागले असावे. गैरसमज सगळीकडून दूर व्हावा म्हणून त्यांनी तो नवरात्रातल्या भोंडल्यासाठी केलेल्या मोठ्या गटावर टाकला. त्या गटात पाचपाखाडीच्याही बायका होत्या. ज्यांना आजार माहीत होता, त्यांनी 'धोका नाही' असे वाचले. ज्यांना माहीत नव्हता, त्यांनी 'हिला क्षय आहे' असे वाचले.

मालनबाई काउंटरशी आल्या, तेव्हा बाकांवर पेशंट बसले होते.

"नवी घरं पण गेली, ताई."

डॉक्टर आवाज ऐकून बाहेर आले. "मालनबाई, आम्ही तुमच्या चांगल्यासाठीच..."

"म्याडम पण तेच बोलल्या. तुमच्या बायकोचं दुखणं मी नाक्यावर सांगितलं तर चालंल काय, साहेब? चांगल्यासाठीच?"

मग मालनबाई उत्तराकडे वळल्या.

"माझं नाव काढा त्या फोनातनं. नंबर पण काढा. आता मला काय पाठवू नका."

"मावशी, अजून चार महिन्यांच्या गोळ्या आहेत. बंद करू नका हं."

"खोकला गेलाय ना? मग बस झालं."

उत्तराने नाव आणि नंबर काढले, पाठवलेले मेसेजही पुसले. माझ्या पडद्यावरून ते गेले, दोन्ही गटांवर राहिले. पुढे आरोग्यसेविका मालनबाईंच्या पत्त्यावर जाऊन आली. त्यांनी ती खोली सोडली होती. अर्धवट औषधानंतर क्षय उलटू शकतो, आणि उलटलेला क्षय कधी कधी आधीच्या औषधांना दाद देत नाही.

माझ्या जागी आता नवा मोबाईल आहे. तो अधिक वेगाने मेसेज पाठवतो. रांगेतला प्रश्नही तोच आहे, "मेसेज केला तर चालेल ना?"

मित्रांनो, कोणाच्या प्रकृतीविषयी एक ओळ लिहिण्यापूर्वी त्या माणसाला बाजूला घेऊन विचारा: काय लिहू, आणि ते कोण वाचणार? बातमी चांगली असली तरी विचारा. माझ्या या विनंतीने काही बदलेल, असा पुरावा माझ्याजवळ नाही.

मालनबाईंना नीट विचारून या दवाखान्यात काही झाले नाही. त्यांनी सांगितले तसे मात्र एकदा झाले: त्यांच्या नावापुढचा नंबर काढला गेला. म्हणूनच गोळ्यांची आठवण करून द्यायची, तर ती कुठे पाठवावी, हे इथे आता कोणालाही माहीत नाही.