टकटक, येऊ का?

मी फ्रीज बोलतोय. पण गार पाण्याच्या आशेनं माझं दार उघडाल तर फसाल. माझ्या पोटात पुस्तकं आहेत.

करमाडच्या एका घरी मला नारळ फोडून आणलं होतं. दारावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, शेजारच्या बायका येऊन हात लावून गेल्या. पुढं माझा कॉम्प्रेसर जळाला आणि त्या घरानं मला शफीकभाईंच्या दुरुस्तीच्या दुकानात आणून टाकलं, ते परत न्यायला कोणी आलंच नाही. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय!

शफीकभाई मला भंगारात घालणार, तेवढ्यात संध्याताई आल्या. दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्या आठवी ते दहावीच्या पोरापोरींसाठी वाचनालय चालवायच्या. त्यांचं लाकडी कपाट वाळवीनं खाल्लं होतं.

"दाराला रबर आहे ना भाई? मग वाळवी नाय, धूळ नाय. द्या मला," त्या म्हणाल्या.

मग माझ्या अंड्यांच्या खाचांत पेन्सिली आल्या, भाजीच्या ट्रेमध्ये जुने दिवाळी अंक आणि बर्फाच्या कप्प्यात भुताच्या गोष्टी. वाचून काय शिकलास, असं ताई कुणाला कधी विचारायच्या नाहीत. घरीदारी प्रश्नांना विटलेली ती पोरं बहुधा म्हणूनच टिकली.

वाळवी शिरली नाही, पण एक पाल शिरली. तनुजानं दार उघडलं आणि पालीनं थेट तिच्या हातावर उडी घेतली. तिची किंकाळी जालना रोडपर्यंत गेली असेल. त्या दिवसापासून रिवाजच पडला, आधी दारावर टकटक करायची, "येऊ का?" विचारायचं, मग उघडायचं. पालीला पळायला वेळ मिळावा म्हणून.

तनुजाची जिवाभावाची मैत्रीण म्हणजे लुबना, शफीकभाईंची एकुलती लेक. ती माझ्या पाठीच्या जाळीला टेकून वाचत बसायची. कोणी टकटक केली की मागून घोगरा आवाज काढायची, "आव, आव." नेहमी दोनदा. ताई हसून म्हणायच्या, "आपण एक आव आणतो, ही पोरगी दोन-दोन आणते." सारी शेड हसायची. आणि मला वाटायचं, मीच बोलतोय.

गेल्या पावसाळ्यात लुबनाला डेंग्यू झाला. संभाजीनगरच्या दवाखान्यात नेली, ती परत आली नाही.

पोरं येत राहिली. सवयीनं टकटक व्हायची, तोंडातून "येऊ का?" निघून जायचं, पण मागून "आव, आव" यायचं नाही. दाराला हात लावायची कुणाची छाती व्हायची नाही. त्या वेळी माझ्या आत गारवा पसरायचा. मोटार नसलेल्या फ्रीजमध्ये गारवा कुठून येतो, मला ठाऊक नाही. पलीकडं दुकानात शफीकभाईंच्या हातातला पाना थांबायचा. तनुजानं तर येणंच सोडलं.

शेवटी शफीकभाई ताईंकडं आले. मान खाली घालूनच बोलले, "ताई, ये फ्रीज ले जाव. शेड भी खाली कर दो. टकटक होती तो मेरेकू लगता, वो अब बोलेगी."

दुसरी जागा फुकट देणारं गावात कोणी नव्हतं. वाचनालय उठणार, हे सगळ्यांना कळलं. मलाही कळलं, आणि मी घाबरलो.

भंगाराचा टेम्पो यायचा होता त्या दुपारी तनुजा आली. थेट माझ्यामागं लुबनाच्या जागेवर जाऊन बसली. बाकीची पोरं रिकामी पोती घेऊन उभी होती, पण पुस्तकं काढायला कोणी पुढं होईना.

मग शफीकभाईच आले. मागं कोण बसलंय, ते त्यांना दिसलं नाही. इतकी वर्षं फ्रीज उघडणाऱ्या त्या माणसानं माझ्या दारावर पहिल्यांदाच टकटक केली.

"बेटा, आऊं क्या?"

माझ्यामागून रडका आवाज आला, "आव."

शफीकभाईंनी माझ्या दाराची मूठ घट्ट धरली. "कौन है?"

"मी हाय चाचा, तनुजा. मला राहवलंच नाय."

शफीकभाई तोंडावर हात घेऊन रडले. दफनाच्या दिवशीही न रडलेला माणूस तो. टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला, तेव्हा डोळे पुसत बाहेर जाऊन म्हणाले, "फ्रीज नहीं जाता. अंदर किताबें हैं." परत आत आले आणि तनुजाला म्हणाले, "रोज बोलेगी? कोई अंदर बुलाता तो अच्छा लगता."

आता तनुजा रोज तिथं बसते. माझे पाय गंजलेत, रबर सैल झालंय, फार दिवस निघतील असं वाटत नाही. माझ्यानंतर या पोरांना दुसरा एखादा मोडका फ्रीज द्या, एवढंच मागणं.

त्याआधी एकदा या. टकटक करा, विचारा, आणि लगेच दार उघडू नका, जरा थांबा. तनुजा एकदाच "आव" म्हणते. ती माझ्याच पाठीला टेकलेली असते, मला नीट ऐकू येतं.

दुसऱ्यांदा कोण म्हणतं, ते मला विचारू नका.