फळ्यावरच्या पन्नास रेघा

“बाबा, मॉकपोलमध्ये तुम्ही टेकचंदभाऊचं बटण किती वेळा दाबलं होतं?”

हा प्रश्न विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती. “एवढी स्काऊट-गाईडची लीडर बनून फिरतेस न, घरी विचारून दाखव,” म्हणाल्या. हरले तर चौघींचे समोसे माझ्याकडे. म्हणून मी जेवताना विचारलं. बाबांनी आणखी वरण ओतून घेतलं. आई म्हणाली, “हर्षा, चूप जेव.”

उत्तर मला ठाऊक होतं. दहा वेळा.

जिल्हा परिषदेच्या मतदानाच्या दिवशी मी आमच्याच शाळेत होते. म्हाताऱ्या मतदारांना हात देऊन आत न्यायला गाईडच्या मुली ठेवल्या होत्या, आणि सकाळी सहाला फक्त मीच पोचले होते. केंद्राध्यक्ष मॅडम लाखांदूरकडच्या, शिक्षिका. खरं मतदान सुरू व्हायच्या आधी मशीन तपासायला खोटं मतदान करतात, त्याला मॉकपोल म्हणतात. पाच उमेदवार, पाचांचे पाच एजंट. ठरलं असं, की ज्यानं त्यानं आपल्या माणसाचं बटण दहा वेळा दाबायचं. टेकचंदभाऊंचे एजंट माझे बाबा.

मॅडम म्हणाल्या, “बेटा, तू फळ्यावर रेघा मार.” मी मारल्या. पाच चिन्हं, प्रत्येकाखाली दहा रेघा. मशीननंही तेच दाखवलं. मग पाचही जणांनी मॉकपोलच्या कोऱ्या फॉर्मवर सह्या केल्या. रकाने मागून भरू, असं म्हणाले. आमच्याकडे असंच असतं. ग्रामसभेचं रजिस्टर असो की शाळा समितीचं, सही आधी, मजकूर मागून.

तेवढ्यात मी दारातून ओरडले, “पोहे आले! तर्री थंडी होऊन राहिली!”

सगळे उठले. मॅडमही उठल्या. परत आल्या तेव्हा बाहेर रांग लागली होती. मी फळा ओल्या फडक्यानं पुसला. मॅडमनी मशीन सील केलं. मशीनमधली खोटी मतं पुसायचं बटण दाबायचं राहून गेलं, आणि फॉर्मचे रकानेही कोरेच राहिले.

मोजणीत टेकचंदभाऊंच्या विरोधातल्या आनंदाबाई अठरा मतांनी निवडून आल्या. पण आमच्या केंद्राच्या मशीनमध्ये मत द्यायला आलेल्या माणसांपेक्षा पन्नास मतं जास्त निघाली.

तेव्हापासून मोहाडीत तहसीलच्या पायऱ्यांवर टेकचंदभाऊंच्या बाजूचे दोन आमदार बसून आहेत, एक विधानसभेचे, एक विधान परिषदेचे. अठराच्या फरकात पन्नास मतं घुसवली, हे केंद्रच रद्द करा, इथली मतं धरूच नका, आनंदाबाईंना प्रमाणपत्र देऊ नका, असं त्यांचं म्हणणं. रोडवर टायर जळाले, एसटी बंद झाली, एका होमगार्डचं डोकं फुटलं. शेजारच्या गावांतल्या मुली तीन दिवस सायकलनं शाळेत आल्या. आमच्या केंद्रावर आनंदाबाईंना दोनशेची लीड आहे. केंद्र रद्द झालं की टेकचंदभाऊ जिंकतात. हा हिशेब आमच्या वर्गातल्या कोणालाही जमेल. आणि प्रत्येकाची दहा-दहा मतं वजा केली तरी फरक अठराचाच राहतो, हाही जमेल. पण हे दहा-दहा कागदावर कुठेच नाही, फॉर्मवर नुसत्या सह्या. आनंदाबाईंचा एजंट सांगतो, पण तो त्यांचाच माणूस; बाकीचे तीन म्हणतात, आम्हाले काही आठवत नाही.

आज संध्याकाळी टेकचंदभाऊ स्वतः येऊन टाईप केलेलं शपथपत्र देऊन गेले. ‘माझ्यासमोर मॉकपोल झाला नाही.’ उद्या अकराला मोहाडीत निवडणूक अधिकाऱ्यांसमोर सुनावणी. सही बाबांची.

जेवण झाल्यावर बाबाच बोलले. “मी सांगतलं त्याले. म्हटलं भाऊ, दहा-दहा होते. तर म्हणते, ते कागदावर कुठी आहे?”

“मग?” आई म्हणाली.

“मग काय? तुले साप डसला तवा भंडाऱ्याले कोणाची गाडी गेली होती? दवाखान्यात दोन दिवस कोण बसून होता?”

“तो बसला होता, म्हणून मी जित्ती आहो. मी कुठी नाही म्हणते?” आईनं ताटं उचलली. “पण त्या मॅडमले जेलात टाकतीन. तिचे लेकरं लहान आहेत, हर्षानं सांगतलं. अन् बस्तीतल्या साऱ्याइचं मत फुकट जाईन. माह्यं बी.”

“तू आनंदाबाईले देल्लं?” बाबा एकदम वळले.

“मत गुप्त रायते,” आई म्हणाली, आणि नळाकडे गेली.

बाबांना हसू आलं, पण टिकलं नाही. त्यांनी शपथपत्र पुन्हा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं, पुन्हा काढलं. पेन मात्र काढला नाही.

मी आत जाऊन कपाटातून गाईडचा ड्रेस काढला. स्कार्फला इस्त्री केली. सहामाहीपर्यंत मी हजेरीलाही इतक्या हळू ‘यस सर’ म्हणायची, की सर माझी गैरहजेरी लावायचे. इस्त्री तापेपर्यंत मला तेच आठवत होतं. आणि पोह्यांची हाक. ती तर रस्त्यापलीकडेही ऐकू गेली होती.

बाहेर आले तेव्हा आई हात पुसत होती आणि बाबा कागद मांडीवर घेऊन बसले होते.

“उद्या मी शाळेत नाही जात,” मी म्हटलं. “तुमच्या गाडीवर मागं बसून मोहाडीले येतो. साहेबाले सांगतो, रेघा मी मारल्या, दहा-दहाच होत्या, फळा मी पुसला, अन् पोहे आले म्हणून बोंबलली बी मीच. मॅडमनं बेईमानी नाही केली, त्या बटण दाबाले भुलल्या. तुम्ही आधी सांगसान तर मी तुमच्या मागं उभी राहीन. तुम्ही त्या कागदावर सही केली, तरी मी सांगीनच, बाबा. तुमच्यासमोर.”