भाजलेलं केळं, संकष्टी स्पेशल

"पुण्यात भाजलेलं केळं आणि शेंगदाणे कुठे खायचे, माहितीये?" असं विचारत फूड ब्लॉगर चैतालीनं रील टाकली आणि ललिताची गाडी एका रात्रीत फेमस झाली. कसबा पेठेतल्या कोपऱ्यावर निखाऱ्यावर भाजलेलं कच्चं केळं, वर मीठ-मिरची, लिंबू आणि मूठभर खारे दाणे. हळद नाही, हिंग नाही, म्हणजे उपासाला चालतं. संकष्टीला तर आधीपासूनच रांग लागायची. महिन्याचा अर्धा धंदा त्या एका दिवसाचा.

रीलच्या शेवटी चैतालीनं विचारलं होतं, "मावशी, पब्लिकला काय सांगाल?"

धुरापायी तोंडाला स्कार्फ गुंडाळलेली ललिता डोळ्यांनीच हसली आणि म्हणाली, "या खायला. जय भीम!"

बस्स. पुढच्या संकष्टीला मंडईतून आणलेले घड तसेच पडून. ललिताची पोरगी दीक्षा गल्लीकडे बघून दात खात बसली होती. दहावीत शाळा सोडून ती गाडीवरच असायची, आणि कुठलं गिऱ्हाईक मान फिरवून जातं ते तिला बरोबर दिसायचं.

"पद्मजाकाकू, आज नको का?"

"अगं, आज उपासच नाही धरला. शुगर वाढलीये." काकू पुढं गेल्या आणि समोरच्या दुकानातून साबुदाण्याची खिचडी बांधून घेतली.

"शुगरला खिचडी चालते वाटतं," दीक्षा मोठ्यानं म्हणाली.

"गप बस," ललिता म्हणाली.

दीक्षानं आईपासून लांब जाऊन चैतालीला फोन लावला. "ते शेवटचं काप. परत टाक."

"मावशींना विचारलंस?"

"तू काप गं."

नवी रील दुपारी पडली. संध्याकाळपर्यंत गल्लीत गाड्या लावायला जागा नाही. निखारा फुलला, केळी तडतडली, ललिताचे हात थांबेनात. तिला वाटलं, लोक रागावले होते, आता विसरले. ती खूश होती.

एक चष्मेवाले गृहस्थ केळं हातात घेऊन अडले. "अहो, आधीच्या व्हिडिओत एक बाई होत्या. जय भीम म्हणाल्या त्या. त्या तुम्हीच का?"

ललिता तोंड उघडणार तेवढ्यात दीक्षा मध्ये पडली. "नाही काका, ती कामाला ठेवलेली बाई. काढलं तिला."

"बरं केलंत. उपासाचं असतं ना, बघावं लागतं."

ललितानं चिमटा खाली ठेवला. स्कार्फ सोडला, हात पुसले. आवाज अजिबात चढला नाही. "काढलंस ना मला? मग जाते मी. बिबवेवाडीची बस मिळेल."

"असं काय करतेस? रांग बघ की!"

"बघितली."

ती चालू लागली. निखाऱ्यावरची केळी काळी पडत होती, मागून कुणीतरी "दोन द्या हो" म्हणून ओरडत होतं. दीक्षाच्या डोक्यात सणक गेली आणि ती जीव खाऊन ओरडली, "आई! अगं ए आई!"

रांगेतल्या माना ललिताकडे वळल्या.

चष्मेवाल्यांनी हातातलं केळं अलगद गाडीच्या कडेला ठेवलं. "पैसे राहू द्या," ते हसून म्हणाले. "आमच्यात तसं काही मानत नाहीत हो."

त्यांच्या मागोमाग रांगही निघून गेली.